तळ्यातली जिताड्यांची जोडी

माझ्या काकांनी बोनकोड्याच्या तळ्यात दोन जिताडे राखले होते. एक चांगला थोराड, दुसरा त्याहून जरा लहान. थोराड तो नवरा आणि लहान ती बायको, हे काकांनीच ठरवून टाकलं होतं. नवरा अंगापिंडानं मोठा असतो हे सगळ्या जगाला माहीत, मग माशांत वेगळं काय असणार? आमच्या घरात यावर कुणी शंका घेतली नाही. बारीक मासळी टाकताना काकी रोज ओरडायची, "त्या नवऱ्याला पुरं झाला, बायकोला पन घाल!"

जोडी राखायला कारण होतं. पावसाळ्यात जिताड्याची पिल्लं खाडीतून नाल्यात शिरायची. काका दर वर्षी मांडीभर चिखलात उतरून ती हातजाळ्यानं धरायचे, तळ्यात सोडायचे आणि वाढवायचे. आमच्याकडच्या लग्नात तळ्यातला जिताडा नसला तर पाहुणे नाक मुरडत. पण आता काकांचे गुडघे बोलायला लागले होते. शेतं नव्या शहरात गेली होती, राहिलं होतं एवढं तळं. ते ओसाड पडू नये, एवढंच त्यांना हवं होतं. जोडीनं तळ्यातच पिल्लं घातली की खाडीत उतरायला नको, असा त्यांचा बेत.

मी तेव्हा वाशीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते आणि घरात कॉलेज बघितलेली मी एकटीच, त्यामुळे जरा जास्तच शहाणी होते. शेवटच्या वर्षी, श्रावणात, ग्रंथालयातल्या एका जाडजूड पुस्तकात मला चक्क जिताडा भेटला. तो नर म्हणून वयात येतो, काही वर्षं नर म्हणून जगतो आणि मोठा झाला की मादी होतो, असं तिथं लिहिलं होतं. मी ते पान तीनदा वाचलं.

खरं नवल तर पुढेच होतं. मादीचा हार्मोन कुठून बाहेरून येत नाही. माशाच्या अंगात एक एन्झाइम असतं, ते नराच्याच हार्मोनपासून मादीचा हार्मोन बनवतं. तो वाढत गेला की वृषणाचा भाग विरत जातो आणि त्याच जागी अंडाशय तयार होतं. पण याची सुरुवात कोण करून देतं? वय, वजन, की मेंदू? तिथं पुस्तक गोलमोल बोलत होतं आणि मला रात्रंदिवस तेच सुचत होतं.

म्हणजे आमच्या तळ्यात बहुधा दोन बायकाच नांदत होत्या. हे घरी जाऊन लगेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. सांगितलं तर काका दोन्ही मासे विकून मोकळे होणार, आणि मला त्यांचं पोट उघडलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. कॉलेजात भाव खायचा होता, हेही कबूल करते. आधी खात्री करू, मग बोलू, असं मी स्वतःला समजावत राहिले.

त्या वर्षी काका चिखलात उतरलेच नाहीत. "घरची जोडी हाय, मना काय गरज?" म्हणत त्यांनी हातजाळं माळ्यावर टाकलं. मी समोरच उभी होते. गणपती गेले आणि नव्या रस्त्यासाठी मातीच्या गाड्या आल्या. आठवड्याभरात नाला बुजला आणि खाडीचं पाणी तळ्याकडे यायचं थांबलं.

दिवाळी झाली तरी पिल्लांचा पत्ता नव्हता. "नवऱ्यातच खोट हाय," म्हणत काकांनी एका सकाळी थोराड जिताडा जाळ्यात घेतला. काकीनं अंगणात विळीवर त्याचं पोट फाडलं. आत पिवळट गाबोळीच्या, म्हणजे अंड्यांच्या, दोन लांब पट्ट्या होत्या.

"अगो बया! नवरा पोटुशी हाय!" काकीला हसू आवरेना.

मी तर उड्याच मारल्या. पुस्तकातलं सगळं तिथंच धडाधड सांगून टाकलं. काका उकिडवे बसून ऐकत होते, आणि चिडायचं सोडून त्यांचा चेहरा खुलत गेला.

"म्हंजे मी आनला तवा यो नर व्हता?"

"हो. दोन्ही नरच होते."

"आन् सोताच्याच आंगातल्या औषधानं बाई झाला?"

"हो, काका."

"मंग परत नर करायचा औषध हाय का?"

"काही माशांना खाण्यातून नराचा हार्मोन देऊन तसं करून बघितलंय," मी म्हटलं. "पण आपल्याला उपयोग नाही. जिताडा तळ्यात अंडी घालतच नाही. त्याला खाडीच्या तोंडाचं खारं पाणी लागतं. पिल्लं तिकडूनच यायची."

काका गाबोळी बोटानं चाचपत राहिले. मग त्यांनी विचारलं, "ह्ये तुला कवा कललं?"

इतका वेळ मला नुसती मजा येत होती. आता खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं.

"श्रावणात."

काकीचं हसू थांबलं. मला माझीच एवढी लाज वाटली, की मी विळीखालच्या खवल्यांकडे बघत राहिले. काकांनी बादलीत हात बुचकळले आणि लुंगीला पुसले.

"श्रावनात नाला उघडा व्हता, पोरी," ते म्हणाले.