निळ्या झाकणाचा मासा

आमच्या अकोल्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या पोरी मासे ओळखत नव्हत्या, बरण्या ओळखत होत्या. समुद्र आमच्यापैकी एकीनेही पाहिलेला नव्हता, आणि फॉर्मेलीनमध्ये वर्षानुवर्षं बुडून सगळ्या माशांचा रंग उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता. त्यात ओळखणार काय, कपाळ? म्हणून वरच्या वर्गातल्या पोरी खालच्यांना सांगून जात: तडा गेलेली बरणी म्हणजे बोंबील, सुतळी बांधलेली म्हणजे पापलेट, निळ्या झाकणाची म्हणजे खोल समुद्रातला कुऱ्हाडमासा. मी हे पाढ्यांसारखं पाठ केलं होतं.

मला पास होणं भागच होतं. शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल आधी एकदा टायफॉइडमध्ये बुडालं होतं. अब्बांचं मूर्तिजापूरला शिवणकामाचं दुकान; खिडकीजवळची दुसरी मशीन त्यांनी तेलपाणी करून तयारच ठेवली होती. "इस बार रह गई तो बेटा, मशीन पे बैठ जा," ते म्हणाले, तेही मान वर न करता, काजं करता करता. रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. भांडायला मला फारसं कारण लागत नाही. पण ते नुसते थकून बोलले, आणि मला फार भीती वाटली.

परीक्षेत स्पॉटिंग असतं. घंटी वाजली की पुढच्या बरणीसमोर सरकायचं, आतला प्राणी कोणता ते लिहायचं, आणि कशावरून ओळखला तेही. मी आत शिरले आणि पाहते तर सगळ्या बरण्या कोऱ्या, सगळी झाकणं पांढरी. जुन्या बरण्या गळत होत्या, बाहेरचे परीक्षक येणार होते, म्हणून मॅडमनी आदल्या दिवशी सगळे मासे नव्या बरण्यांत हलवले होते. मॅडम स्वतःवर भलत्याच खूश होत्या.

शेजारची पुटपुटली, "आता काय करावं वं माय? निळं झाकण कुठी गेलं?"

"चूप बस," मी म्हटलं. "मलेच काही समजून नाही राहिलं."

बाकीचं कसंबसं निभावलं. शेवटी दोन बरण्या उरल्या आणि दोन्हींत तळहातात मावणारे चपटे मासे. एक पापलेटचं पिल्लू, दुसरा तो निळ्या झाकणाचा कुऱ्हाडमासा. पण कोणता कोणता? अब्बांच्या मशीनचा खडखडाट कानात सुरू झाला. मग मला रागच आला. म्हटलं, या माशापायी इतकी वर्षं फी भरली, एकदा त्याचं तोंड तरी पाहू दे. आणि बरणीला नाक लावलं.

तोंड वरच्या बाजूला उघडणारं. पोट कुऱ्हाडीच्या पात्यासारखं रुंद, आणि मागे शेपूट एकदम बारीक. पोटाच्या कडेला फिक्या ठिपक्यांची ओळ. हे त्याचे दिवे. वरून झिरपणाऱ्या उजेडात खालच्या शत्रूला आपली सावली दिसू नये म्हणून तो पोटाखाली तेवढाच उजेड पाडतो. हे पुस्तकात होतं, मी वाचलंही होतं. माशाच्या अंगावर कधी शोधलं नव्हतं. आणि त्याचे डोळे नळ्यांसारखे, दोन्ही थेट वर रोखलेले. दुसऱ्या बरणीतल्याचे आपले चारचौघांसारखे बाजूला. मी सगळं लिहून काढलं. घंटी वाजली तेव्हाही माझं पेन चालूच होतं.

परीक्षकांनी तोंडी परीक्षेत नेमका तोच मासा काढला. "कशावरून?" मी डोळ्यांपासून जी सुरू झाले, ती "पुरे, पुरे" म्हणत ते हसले तेव्हाच थांबले. बाहेर मॅडम हळूच म्हणाल्या, "निघालीस तू, पास झालीस." मी व्हरांड्याच्या पायरीवर बसकण मारली. जीव असा भांड्यात पडला की सकाळपासून मेलेली भूक एकदम लागली. डबा तिथंच बसून संपवला.

संध्याकाळच्या पॅसेंजरने आले ती थेट दुकानात. अब्बांना सगळं सांगितलं, डोळ्यांचंही. ते कॉलर शिवत होते. मशीन थांबली.

"हमेशा ऊपर ही देखती है वो मछली?"

"हमेशा."

त्यांनी मान दाबली, आणि वर करून माझ्याकडे पाहिलं.

"अच्छा है," ते म्हणाले. "गर्दन तो नहीं दुखती होगी उसकी."

मग उठले आणि शिवायला आलेले कपडे उचलून खिडकीजवळच्या मशीनवर, तिच्या स्टुलावरही रचून ठेवले. तिथं बसायला जागाच उरली नाही.