हाताचा धनी

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी जिंतूरच्या शाळेत, मधल्या सुट्टीत, डबा उघडत होते. बाबा एवढंच म्हणाले, "नाना गेले गं. सकाळी चहा घेऊन आडवे झाले, ते उठलेच नाहीत." फोन ठेवला आणि माझा हात डब्याच्या झाकणावर थांबला. आपोआप थांबला, गेली कित्येक वर्षं थांबतो तसा. मी स्वतःला विचारलं, आता रडू येईल ते कुणामुळे येईल? भीतीमुळे, की रीत म्हणून? शेजारच्या बाई "काय झालं?" म्हणून विचारत होत्या आणि मी उत्तर शोधत बसले होते. रडू आलं नाही. बोरीपर्यंतच्या बसमध्ये आलं नाही, त्यांच्या अंगणात माणसं जमली होती तिथंही आलं नाही. ज्या माणसानं मला हा प्रश्न शिकवला त्याच्यासाठीच मला साधं रडता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्याचं थोडं बरं वाटलं होतं. शिकवण पक्की बसली आहे असं वाटलं होतं...

नाना म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ. बोरीत आमची घरं समोरासमोर. त्यांची सगळी नोकरी येलदरीच्या वीजघरात गेली आणि निवृत्त झाल्यावर ते आणि काकू गावी परत आले. मूलबाळ नव्हतं. दर गुरुवारी दुपारी त्यांच्या माळवदाच्या खोलीत चार-सहा माणसं जमायची. भजन नाही, पोथी नाही, फोटोला हार नाही. नाना बोलायचे आणि बाकीचे ऐकायचे. "चक्र फिरताना दिसतंय. त्याला ढकलणारं पाणी आत असतंय, ते दिसत न्हाई. माणसाच्या हाताचं तसंच हाय. हात हलला म्हणजे तुमी हलवला असं समजू नका. त्याचा धनी निराळा असतोय." धनी चार, असं ते सांगत. भ्या, भूक, हौस आणि रीत. दार उघडणं असो, भाकरी मोडणं असो, कुणाला हाक मारणं असो, कामाआधी क्षणभर थांबायचं आणि धनी ओळखायचा. ओळखला की तो सुटतो. चौघेही सुटले की पाचवा येतो, त्याला नाव नाही, तो आला की हात हलका होतो. हे त्यांना येलदरीला कुणा म्हाताऱ्यानं सांगितलं होतं म्हणे. कोण म्हातारा, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आणि बाहेर बोलायचं नाही असा दंडक होता. "सांगितलं की विटतंय," ते म्हणत. म्हणजे हे मी आज छापायला देते आहे, तेही त्यांच्या हिशेबानं विटवणंच आहे.

काकू या मंडळींत नव्हती. ती चहा आणायची आणि दारातूनच म्हणायची, "आले का धनी हुडकणारे? आधी ही पातेली कोण घासतंय तेवढं हुडका." सगळे हसायचे, नानाही. मी मात्र हसायचे नाही, कारण माझ्यासाठी ती खोली ही जगातली एकच जागा होती जिथं मला कुणी बोलायला लावत नव्हतं. मी जिंतूरच्या इंग्रजी शाळेत व्हॅननं जायचे. घरी पाहुणे आले की "बोल की मॅडम, इंग्लिश बोलून दाखव" व्हायचं, आणि मराठीत काही बोलले की माझ्या उच्चारांवर हशा पिकायचा. मग मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. नाना हे पहिले माणूस, जे म्हणाले, "हिला बोलायला लावू नका. ही बघायली." एकदा शेजारच्या अंगणात एक बाई भांडी आपटत घासत होती. नानांनी मान तिकडे वळवली, थोडा वेळ ऐकलं आणि मला हळूच म्हणाले, "ती भांडी घासायली न्हाई बघ. जावंला उत्तर द्यायली." दहा-बारा वर्षांच्या मुलीला अख्खं गाव एकदम वाचता यायला लागावं, तसं झालं मला.

त्यांच्या हालचालींत एक विलक्षण सावकाशपणा होता. पाणी ओतताना ते बोट भांड्याच्या काठावर ठेवत. "काठाला इचारून ओतावं," म्हणत. खोलीत येताना आधी चौकटीला तळवा टेकत, मग पाऊल. पायरीवर आधी पाय नुसता ठेवत, भार नंतर देत. आम्ही सगळ्यांनी ते उचललं. दत्तूमामा शिंपी तर कापड कापायच्या आधी कात्रीवरून बोट फिरवायचे. एसटीतून निवृत्त झालेले शेषरावकाका बसची पायरी अशी काही चढायचे की मागचे लोक ओरडायचे, "काका, चढा की, का मुहूर्त बघायलाव?" मी कॉलेजात, परभणीच्या मेसमध्ये, काठावर बोट ठेवून पाणी ओतायचे तेव्हा मैत्रिणी विचारायच्या, मी सांगायचे नाही. सुट्टीत घरी आले की संध्याकाळी नाना मला पेपर मोठ्यानं वाचायला लावत. "बातमीकडं ध्यान देऊ नको, आवाजामागचा धनी ऐक." पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत सगळं. माझं मराठी सुधारलं ते तिथं. हा लेख मला लिहिता येतो आहे, तोही त्यामुळेच.

एम.एस्सी. झाल्यावर पुण्याच्या एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी निवड झाली. घरात कुणाचा विरोध नव्हता, आईनं तर नव्या बॅगेला कुलूपही आणलं होतं. मी नानांना सांगायला गेले.

"का जायलीस?" त्यांनी विचारलं.

"काम चांगलं आहे, नाना."

"काम चांगलं हाय ते मलाबी कळतंय. धनी कोण ते सांग."

मी वेळ मागितला आणि खरंच शोधलं. मी प्रामाणिक विद्यार्थिनी होते. आणि सापडलं ते भ्या. बघायला येणाऱ्या लोकांचं, लग्नघरात चार बायकांत बोलावं लागण्याचं, बोरीत अशीच गप्प राहून म्हातारी होण्याचं. मी जाऊन तसं सांगितलं. नाना म्हणाले, "भ्यानं नेलेलं माणूस पोचत न्हाई पोरी. जिथं जाईल तिथं भ्याच घेऊन जातंय." त्यांनी आशीर्वादाला हात उचलला, तो आधी माझ्या खांद्यावर टेकला, मग वर सरकत डोक्यावर आला. तेही मला त्यांचं थांबणंच वाटलं. मी पुण्याला नकार कळवला आणि जिंतूरला माझ्याच जुन्या शाळेत शिकवायला लागले. आईनं ते कुलूप बरेच दिवस बॅगेला तसंच लावून ठेवलं होतं. मी म्हणायचे, "आई, तुला कळणार नाही."

तेरावा झाला त्यानंतरच्या गुरुवारी मंडळी नेहमीसारखी आली. कुणी बोलावलं नव्हतं, पण कुठं जाणार? दत्तूमामांनी चौकटीला तळवा टेकला, थांबले, मग आत आले. शेषरावकाकांनी तेच केलं. मग मी. काकू कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. ती आधी हसली. मला वाटलं, नेहमीसारखी टोमणा मारणार. पण हसता हसता तिचा आवाज फाटला.

"अरे, हात काय लावायलात चौकटीला! तुमाला दिसतंय की रे! त्यास्नी दिसत नव्हतं!"

कुणाला काही कळेना. मग तिनं सांगितलं. काचबिंदू. येलदरी सोडायच्या आधीपासून. परभणीच्या डॉक्टरांनी थेंब दिले होते, ते ती रोज घालायची, पण नजर कडेकडेनं विझत गेली. शेवटची काही वर्षं उजेड आणि हलत्या सावल्या, एवढंच उरलं होतं. कुणाला सांगायचं नाही म्हणून नानांनी तिला शपथ घातली होती. "आंधळा म्हणून कीव करतील म्हणले. तुमी काठावर बोट ठेवायला लागलात तवा घरात येऊन लय हसले. म्हणले, बघ, माझं आंधळेपणबी लोक शिकायलेत. मग पुन्हा हसलेच न्हाई त्यावर..."

लोक मला म्हणतात, ही बोलत नाही पण हिच्या नजरेतून काही सुटत नाही. खरंच काही सुटलं नव्हतं. बोट, चौकट, पायरी, खांद्यावर चुकून टेकलेला हात, सगळं मी पाहिलं होतं. फक्त त्याचा अर्थ मी त्यांच्याकडून घेतला होता.

दत्तूमामा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत राहिले. शेषरावकाका म्हणाले, "पण खोटं काय सांगितलं त्यांनी? थांब म्हणले, मी थांबलो. बाटली उचलायच्या आधी थांबलो, म्हणून माझी सुटली. मला तर फळलं बाबा." त्यांचं म्हणणं मला पटलं. आजही पटतं. राग मात्र त्यानं गेला नाही.

मंडळी गेल्यावर मी काकूला विचारलं, "मी पुण्याला जायला निघाले होते, तेव्हा?"

काकू खाली बघून चटईच्या काड्या मोडत होती. "मी म्हणलं होतं त्यास्नी, पोरीला खरं सांगा. म्हणावं, डोळे गेलेत माझे, पेपर वाचायला तूच हायस, ऱ्हा. म्हणले, मागून घेतलं तर ती दयेनं ऱ्हाईल. मला दया नको."

"मग असं ठेवून घेतलं."

"व्हय माय. असं ठेवून घेतलं."

मी त्यानंतर कितीदा तरी तो प्रसंग मनात फिरवला आहे. त्यांनी मागितलं असतं तर मी राहिले असते का? बहुतेक राहिले असते. दयेनं नाही, आनंदानं. किंवा गेले असते, आणि सुट्टीत येऊन ढीगभर पेपर एकदम वाचून दाखवले असते. जे काही केलं असतं ते माझं असतं. त्यांनी माझ्या भीतीला बोलावून तिच्यापुढं मला उभं केलं आणि त्यांची स्वतःची भीती माझ्या शेजारीच बसली होती, तिचं नाव घेतलं नाही. चार धन्यांची ओळख करून देणाऱ्यानं आपला एक धनी माझ्यापासून लपवला. आजारपण लपवलं त्याचं मला काही वाटत नाही. माणसं लपवतात. पण मी आठवडेच्या आठवडे स्वतःला सोलून सोलून बघत होते तेव्हा ते समोर बसून ऐकत होते... ते मला अजून गिळता येत नाही. आणि कडू गोष्ट अशी की त्यांच्यावर रागवायलाही मला त्यांचीच भाषा लागते.

छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत मी अर्ज केला होता, तो मंजूर झाला आहे. पुढच्या महिन्यात जाईन. बाबांनी विचारलं, "आता का?" मी म्हणाले, "ते मी बघितलंच नाही." त्यांना काही कळलं नाही, पण ते हसले.

परवा काकूनं हाक मारली. "माझ्याबी डोळ्याम्होरं धुरकट दिसायलंय. परभणीला दाखवायचंय. येशील का संगं? न्हाई जमत तर न्हाई म्हण, मी शेषरावांना नेते." इतकं सरळ मला त्या घरातून कधीच कुणी काही मागितलं नव्हतं. मी लगेच हो म्हणाले.

जायच्या दिवशी सकाळी तिचं आवरेपर्यंत मी नानांच्या खोलीत थांबले. खाट, कोनाडा, खुंटी, भिंतीपासून हातभर अंतरावर एक लाकडी स्टूल. इतकी वर्षं ते तिथंच होतं, सणासुदीला झाडलोट झाली तरी परत तिथंच यायचं. मी न थांबता ते उचललं आणि खोलीच्या मधोमध, खाटेवरून उठणाऱ्याच्या वाटेत ठेवलं. मुद्दाम. मग पाठ फिरवून खिडकीशी उभी राहिले.

काकू पिशवी घेऊन आत आली, तशी मी वळले. बोलता बोलताच तिनं पायानं ते स्टूल परत भिंतीकडं सरकवलं, अगदी त्याच जागी, खाली न बघता. "चल, नऊची गाडी जाईल," म्हणाली. दारापर्यंत गेली, आणि तिथंच उभी राहिली. मागं वळून तिनं त्या स्टुलाकडं पाहिलं.

"कुणासाठी ठेवलं गं मी ते आता?" ती म्हणाली.

तेव्हा मला रडू आलं. कुणामुळे आलं, ते मी विचारलं नाही. काकूनं पिशवी खाली ठेवली, आणि आमची नऊची गाडी गेली.