दोन पॅनलच्या गावातले प्रल्हाद सर

प्रल्हाद सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिखलीच्या स्टँडवर उंद्रीच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. फोन त्यांच्या मुलाचा होता. मी नुसतं ‘हो’ म्हणालो… आमचं बोलणं बंद होऊन वर्ष होत आलं होतं, आणि पहिलं पाऊल त्यांनीच टाकावं म्हणून मी हटून बसलो होतो. त्या ताठ्याची आज मला लाज वाटते.

शाळेत ते नागरिकशास्त्र शिकवायचे, मी गणित. मधल्या सुट्टीत डबे उघडले की त्यांचा लाडका विषय निघायचाच. “पक्ष दोनच पाह्यजे. एक खुर्चीवर, एक त्याच्या उरावर. काम नाही झालं तं कोणाले धरायचं, हे लोकायले कळते. तुमच्या कडबोळ्यात जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवते.” मी म्हणायचो, “सर, दोघायच्याही यादीत ज्याचं दुखणं नाही, त्यानं कुठं जावं? दहा जणायचं सरकार हळू चालते, पण दहा जणायले विचारून चालते.” “विचारतच बसते!” म्हणत ते माझ्या डब्यातला ठेचा उचलायचे.

दोघंही निवृत्त झालो आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. गावात पॅनल दोन. आमच्याकडे पॅनल ठरलं की दळणाची गिरणीसुद्धा ठरते. समोरच्यांच्या गिरणीत डबा नेला की घरात भांडण. सरांच्या पॅनलने मुलींसाठी अभ्यासिका कबूल केली होती. त्यासाठी सरांनी दोन वर्षं चपला झिजवल्या होत्या. मला हे दोन्ही कळप नकोसे झाले होते, म्हणून मी सरपंचपदाला अपक्ष उभा राहिलो.

“काऊन उभे राह्यता? मतं फुटतीन, अभ्यासिका जाईन,” सर म्हणाले. मी ऐकलं नाही. त्यांचं पॅनल पडलं, आणि ते जितक्या मतांनी पडलं त्याहून जास्त मतं मला होती. गणिताच्या मास्तराला याचा अर्थ कोणी समजावायला नको. अभ्यासिका बारगळली आणि सर माझ्याकडे यायचे थांबले.

तेरवीची पंगतही दोन पॅनलची, दोन बाजूंना बसली. कुठं बसावं ते कळेना, म्हणून मी सरांच्या घरात गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. “वहिनी, सर माझ्यावर चिडूनच गेले,” मी म्हणालो.

“तुमच्यावर कायले चिडतीन, भाऊजी? त्यायनं मत तुमालेच देल्लं होतं. म्हणे, मित्र उभा असताना दुसरं बटन दाबाले बोटच उठलं नाही. मंग अभ्यासिका गेली, अन् तुमाले तोंड दाखवाची लाज वाटे त्यायले.”

मला रडू आवरेना. एकाच चुकीचे आम्ही दोघं धनी, आणि चार घरांच्या अंतरावर एकेकटे कुढत बसलो होतो.

अभ्यासिका बारगळल्यावर सरांनी आपल्या घराची पुढची खोली मुलींना अभ्यासाला दिली होती. आता संध्याकाळी मी तिथे गणित घेतो. परवा एकीने विचारलं, “सर, दोन पक्ष बरे का लय पक्ष?” मी खडू घेतला आणि आधी सरांची बाजू सांगायला लागलो… ती नीट, त्यांना पटेल अशी मांडता मांडता तास संपला. माझी बाजू राहूनच गेली.