काकाची जिलेबी आणि आरोपीचे हक्क

वाशिमला लॉच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. परीक्षेआधी मी मंगरूळपीरजवळच्या आमच्या गावी आले होते. पेपर होता भारत, नेपाळ आणि बांगलादेशातल्या आरोपींच्या हक्कांचा. मी मोठ्यानं पाठ करायची आणि काका बाजेवर पडून ऐकायचा. तिन्हीकडे जवळपास सारखंच: अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करा, स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करू नका.

शेवटचा मुद्दा ऐकून काका उठून बसला. "म्हंजे गप राह्यलं तं चालते?"

"चालतं."

दोन दिवसांनी शेजाऱ्याचा कोंबडा हरवला. त्याला काकाचाच संशय. दुसऱ्या दिवशी पोलीस शिपाई मोटारसायकलवर दारात आला.

"काका, काल दुपारी कुठं होते तुमी?"

काकानं डोळे मिटले. "मी सोताविरुद्ध बोलनार नाही."

"अटक कोन करून राह्यला? नुसतं इचारून राह्यलो."

"नेपाळातबी असं इचारत नाही!"

शिपायानं माझ्याकडे पाहिलं. पुस्तक माझ्याच हातात होतं. तेवढ्यात काकूनं आतून विचारलं, "चहा घेता का?" शिपाई हो म्हणाला.

मग काकानं हात वर केला. "मले वकील पायजे."

वकील म्हणजे मी. गोठ्यामागे नेऊन तो कुजबुजला, "काल मी मंगरूळपीरले जिलेबी खाऊन राह्यलो होतो. पावशेर. तुह्या काकूले सांगू नको बाप्पा." त्याला शुगर होती आणि काकूनं गोडावर बंदी घातली होती.

मी शिपायाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. तो आनंदानं ओरडला, "जिलेबी खाऊन राह्यले होते? मंग सुटले तुमी!"

काकू गाळणी हातात घेऊनच बाहेर आली. "कोनं खाल्ली जिलेबी?"

तेवढ्यात शेजारीण धावत आली. कोंबडा तिच्याच कोठीत, कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, पोत्यामागे सापडला होता. तिच्यामागून आलेला शेजारी हात जोडून माफी मागत होता, पण त्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

"किती खाल्ली? बोला!" काकू म्हणाली.

काकानं माझ्याकडे आशेनं पाहिलं. मी पुस्तकात तोंड खुपसलं. अशिलाचं गुपित मीच फोडलं होतं आणि मला त्याची फार लाज वाटत होती.

"अर्धा पाव," काका म्हणाला.

"मले तं पावशेर सांगतली," शिपाई चहा फुंकत म्हणाला.

त्यानंतर काका मंगरूळपीरला निघाला की काकू पायात चपला घालून आधीच फाट्यावर उभी असे.