शालनची काच कच्ची नव्हती

सांगलीहून आटपाडीकडं जाणाऱ्या दुपारच्या गाडीचा कंडक्टर आमच्या फाट्यावर कधी खाली उतरत नाही. दारातूनच हाका मारतो, पिशव्या खाली देतो, दोरी ओढतो, गाडी जाते. त्या दिवशी तो उतरला. आमचं खळं रस्त्याला लागूनच आहे. ज्वारीची मळणी झाली होती, मी तिवईवर उभा राहून पाटीनं ज्वारीला वारं देत होतो. तो बांधावरून आला, डोक्यावरची टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "तात्या, सांगलीच्या दवाखान्यातनं निरोप हाय..." मी म्हटलं, "बोलू नगंस. कळलं." तो तरी उभाच. गाडीतले लोक खिडकीतून बघत होते. मी हातातली पाटी खाली ठेवली नाही. वारं चांगलं होतं, अर्धी रास राहिली होती, ती मी संपवली आणि मग घरात गेलो. गावात बोलतात, म्हातारा दगडाचा आहे, सून मेल्याचं कळलं तरी खळ्यावरून हलला नाही. बोलू देत. पाटी खाली ठेवली असती तर मीही खालीच बसलो असतो, आणि मग मला उठवायला कुणीच नव्हतं.

शालन माझी सून. तीन दिवस आधी मी तिला दवाखान्यात सोडून आलो होतो. विषमज्वर होता. डोळे खोल गेले होते, पण मला म्हणाली, "जावा मामा, ज्वारी खळ्यावर हाय. आत्या एकट्या हायत." मी गेलो. माघारी गेलो तेव्हा तिला आणायलाच.

आता जे लिहितोय ते मला लिहायला जड जातंय. शाळा माझी चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण पलटणीत लॉरीच्या चाकाशी झालं. पण हे मला माझ्या हातानंच लिहायचं आहे, आणि छापून यावं असं वाटतं, कारण मी जे खोटं बोललो ते सगळ्या गावात बोललो.

माझा मुलगा संपत फौजेत होता. लग्नाला दोन वर्षं व्हायची होती तेव्हा तो गेल्याची तार आली. मूलबाळ नव्हतं. शालन त्या वेळी एकोणीस-वीस वर्षांची. माहेरची माणसं न्यायला आली, ती गेली नाही. का गेली नाही ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. कामाला वाघ, पण मान वर करायची नाही. चुलीपुढं बसायची, जनावरांचं करायची, आणि कुणी हाक मारली तर "जी" एवढंच. असं दीड वर्ष.

मग पेन्शनच्या कागदांसाठी तिला साताऱ्याला घेऊन जावं लागलं. तिथं गेल्यावर कळलं, साहेब दौऱ्यावर आहेत, सहीला तीन दिवस लागतील. माझा पलटणीतला एक जोडीदार साताऱ्यात घर करून राहिला होता, त्याच्याकडं उतरलो. त्याच्या परड्याला लागून पत्र्याची एक शेड होती. तिथं बाबू मिस्त्री कंदिलाच्या काचा करायचा. आधी तो मोठ्या कारखान्यात होता, मग त्यानं आपली लहान भट्टी घातली. फुटक्या बाटल्या वितळवायच्या आणि त्याच्या काचा फुंकायच्या. नवराबायको दोघंच. तो फुंकायचा, बायको लाकडाचा साचा उघडायची-मिटायची. साचा जळू नये म्हणून शेजारच्या पिंपातलं पाणी ती सारखं त्याच्यावर मारायची.

पहिल्या दिवशी सकाळी बघतो तर शालन शेडच्या दारात उभी. भट्टीच्या तोंडातला उजेड तिच्या तोंडावर. मिस्त्रीनं लांब लोखंडी नळी आत घातली, काकवी काठीला गुंडाळावी तशी लाल काच टोकाला घेतली, फिरवत फिरवत बाहेर काढली, फुंकली, आणि बघता बघता तिचा फुगा झाला. शालन म्हणाली, "अगं बया!" दीड वर्षात मी तिच्या तोंडून 'जी'शिवाय ऐकलेला तो पहिला शब्द.

मिस्त्री हसला. "फुकून बघतीस का पोरी?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. पण तिच्या आधी म्हटलं आपण बघावं. मी नळी घेतली. पलटणीत बिगुल वाजवलेला माणूस मी, छाती भरून अशी फुंक मारली की काच कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली आणि फट्‌कन फुटून शेडभर उडाली.

मिस्त्री म्हणाला, "हवालदार, आवं काच हाय, दुश्मन न्हवं!"

त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. मी नळी ठेवली आणि बाहेर जाऊन दगडावर बसलो, शेडकडं पाठ करून. मग तीन दिवस तिथंच बसलो. आत काय सांगतात, काय शिकवतात, ते मी ऐकलं नाही. माझं हसं केलेल्या जागी मी कान देत नसतो.

पण मागं वळून बघणं काही राहवेना. शालननं नळी ओठाला लावली ती जन्मभर लावत आल्यासारखी. तिची पहिलीच फुंक वाया गेली नाही. मिस्त्री चक्रावला. म्हणाला, "कुठं शिकलीस गं?" ती म्हणाली, "चुलीपुढं." खरंच होतं. आमच्याकडच्या बाया सात-आठ वर्षांच्या असल्यापासून फुंकणी फुंकतात. राखेखालचा निखारा जागा करायचा तर जोराची फुंक चालत नाही, राख डोळ्यांत जाते. बारीक, लांब, एकसारखी लागते. ती तिच्या छातीत होतीच. तीन दिवस मिस्त्रीनं दुसरं काम बाजूला ठेवून तिला एकटीला शिकवलं. तिचे हात पोळले, पदराला भोक पडलं. पण दुसऱ्या दिवशी ती मिस्त्रिणीशी भांडत होती, "आवं मावशी, साचा उशिरा मिटलासा, माझी काच वाकडी झाली!" भांडत होती... तेवढं दगडापर्यंत ऐकू आलं, आणि मी तंबाखू मळत राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिची एक काच साच्यातून निघाली, मधे गोल, वर निमुळती. मिस्त्रीनं ती उजेडात धरली आणि गरम राखेच्या कोठीत ठेवली. मग बाहेर माझ्यापाशी येऊन बसला. "हवालदार, माझी छाती आता भरत न्हाई. पोरीला दोन म्हैनं हितं ठेवा. माझ्या बायकोपाशी ऱ्हाईल, लेकीवानी. हिच्या हाताचं काच ऐकतीया."

शालन दारात होती. तिनं पहिल्यांदाच मला तोंडावर विचारलं, "मामा, ऱ्हाऊ का?"

माझ्या डोक्यात गाव उभं राहिलं. लोक म्हणतील, पोरगा गेला आणि म्हाताऱ्यानं सून भट्टीवर कामाला लावली. नाही म्हणायचं तर दोघांपुढं नाही म्हणवेना. मग मी हुशारी केली. म्हटलं, "तुझी ही काच घरी नेऊ. आपल्या कंदिलावर चढव. रातभर टिकली तर मी सोता तुला हितं आणून सोडतो. शबूद हाय माझा." ती हसली. मिस्त्री म्हणाला, "टिकंल. पर उद्या सकाळपतूर कोठीतनं काढायची न्हाई."

आणि दुपारी कागदावर सही झाली. गाडी चारची होती. मला वाटलं, दिलेला शब्द आहे, काच घेतल्याशिवाय जायचं नाही, आणि एका काचेसाठी रात्र काढायची नाही. शालन गाठोडं बांधत होती. मी शेडवर गेलो. मिस्त्री जेवायला गेलेला. कोठीचं झाकण काढलं, सांडशीनं काच उचलली. हात जवळ नेववेना इतकी तापलेली. आता ही न्यायची कशी? लहानपणी मी लोहाराच्या भात्यापाशी वाढलो. विळा असो, कुऱ्हाड असो, तापलेलं पाण्यात घालायचं, ते पक्कं होतं. आणि इथंही साच्यावर पाणी मारताना मी बघितलेलं. मी काच पिंपात बुडवली.

आवाज मोठा नव्हता. हरभरा फुटतो तेवढा... सांडशीत फक्त एक कड राहिली.

मी ती मुद्दाम फोडली नाही. हे देवाशपथ सांगतो. पण फुटल्यावर माझ्या छातीवरचा दगड उतरला, हेही सांगतो.

तुकडे उपरण्यात गोळा करून मी जोडीदाराच्या घरी आणले आणि शालनपुढं ठेवले. म्हटलं, "काढताना फुटली. कच्ची हुती. तुझ्या हातचं न्हवं गं ते काम." तिनं एक तुकडा उचलला. त्यावरून बोट फिरवलं, ते बोट पदराला पुसलं, आणि माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, "व्हय मामा. कच्चीच आसंल." मिस्त्रीचा निरोपही न घेता आम्ही गाडी धरली.

सहा वर्षं मी ती गोष्ट पारावर बसून सांगितली. पाहुणे आले की घरात सांगितली. "आमच्या सुनंनं साताऱ्याला काच केली, पर तिनं साताऱ्याची शीवबी वलांडली न्हाई!" लोक पोट धरून हसायचे. शालन चहाचे कप घेऊन यायची तेव्हा तीही हसायची. एकदा एका पाहुण्यानं तिलाच विचारलं, "का गं, खरंच कच्ची हुती?" ती म्हणाली, "मामा म्हंत्यात म्हंजे हुतीच की." मला ते गोड वाटलं.

तेराव्यानंतर तिचे कागद बंद करायला साताऱ्याला जावं लागलं. पाय शेडकडं वळले. मिस्त्री अगदी वाळला होता, भट्टी थंड होती. मला बघून त्यानं माझ्या मागं बघितलं. "पोरगी कुटं हाय?" मी सांगितलं. त्यानं थंड भट्टीच्या तोंडावर हात टेकवला. मग म्हणाला, "म्हंजे माझं वाट बघनं वायाच गेलं म्हणायचं... आन ती काच? टिकली का?"

त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडातून खरं आलं. म्हटलं, "मी पाण्यात बुडवली."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. मी विचारलं, "पाण्यानंच फुटली न्हवं? कच्ची न्हवती?"

"कच्ची? हवालदार, बारा म्हैनं शिकलेल्या गड्याला तशी येत न्हाई."

"मग तिला कुनीतरी सांगाय पायजे हुतं, पाण्याचं..."

"तिला?" मिस्त्री म्हणाला. "तिला पैल्याच दिशी सांगितलं हुतं. तापल्या काचंला पाण्याचा थेंबबी लावायचा न्हाई, आपापली थंड हुस्तवर थांबायचं. तवा ती काय म्हनली म्हाईत हाय? म्हनली, 'म्हंजे आमच्या मामांवानीच की. तापल्यालं आसलं की वाईच थांबायचं.' लय हसलो तवा आमी."

मी उठलो. तो बस म्हणत होता, त्याची बायको चहा ठेवत होती. मला बसवेना. ओल्या तुकड्यावरून बोट फिरवलं तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. मी निवेन, मी आपण होऊन सांगेन, म्हणून ती थांबली. एक दिवस नाही, सहा वर्षं. कप पुढं करत, पाहुण्यांच्या हसण्यात हसत थांबली. मी निवलो नाही.

म्हणून आता सांगतो, ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून ती गोष्ट ऐकली त्यांना. शालनची काच कच्ची नव्हती. ती मी फोडली, आणि मग दोष तिच्या नावावर घातला.

साताऱ्याहून आलो त्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेलो. एरवी मी तिथं जात नाही, चुलीची जागा बायांची. चुलीच्या डाव्या अंगाला भिंतीवर एक काळं अर्धं वर्तुळ उमटलेलं दिसलं. मी बायकोला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "आवं, तिच्या तव्याचं. भाकरी झाल्या की तवा भितीला टेकवून ठिवायची. मी म्हनायची पानी मार आन टाक घासून, तर म्हनायची, न्हाई आत्या, थंड हुईल त्यो आपापला." माझ्या बायकोनं डोळे पुसले आणि म्हणाली, आता सारवताना पुसून टाकते, बघवत नाही.

मी म्हटलं, तेवढी जागा सोडून सारवायचं. का म्हणून ते सांगितलं नाही. माझा शब्द आमच्या घरात कुणी खाली पडू देत नाही. तिनंही नव्हता पडू दिला.