मेसमधलं 'व्हय म्हाराजा'

दादा गेल्याचं मला वर्गात कळलं. मालवणच्या शाळेत मी पाचवीच्या मुलींना कविता शिकवत होते आणि दारात आमच्या वाडीतला गोविंदा येऊन उभा राहिला, टोपी हातात धरून. मालवणहून कसालच्या वाटेवर आमचं गाव. तिथून हा माणूस पहिल्या बसनं आला होता. "मेजर गेले, बाय," एवढंच म्हणाला. आदल्याच रविवारी मी दादाला पेज भरवून आले होते… फळ्यावरची कविता पुसायचंसुद्धा मला सुचलं नाही.

घरी पोचले तर पडवीत माणसं जमलेली. गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान ज्यांचा आहे ते आबा गावकर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाय, तेंका तो पांढरो कोट घालूया? सायब माणूस. गावाकय बरा दिसात." तो कोट म्हणजे दादाचं मेसचं जॅकेट. कमरेपर्यंतच येणारं, पांढरंशुभ्र, छातीवर करंगळीच्या नखाएवढी पदकं लावायचं. फौजेतले अधिकारी मेसमध्ये रात्रीच्या खास जेवणाला असा पोशाख करतात. मी म्हटलं, "नको. धोतर नेसवा." आबांना वाईट वाटलं असावं. मागे कुणीतरी कुजबुजलंही, की मास्तरीण जन्माची खाष्ट, भावाला शेवटचा मानसुद्धा देईना. खाष्ट मी आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण कोट का नको म्हटलं ते तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. आता त्याचे दिवस होऊन गेले, तर लिहिते.

आमचे बाबा गलबतावर तांडेल होते, खलाशांचे म्होरके. पावसाळा सरून गलबत सुटायचं तेव्हा पुढच्या टोकाला, नाळीवर नारळ ठेवून तेच गाऱ्हाणं घालायचे. "बा देवा म्हाराजा, ह्या गलबत आज दर्यात सुटता हा, हेच्यावरच्या लेकरांची राखण कर, काय चुकला माकला आसात ता पोटात घाल, आणि सगळ्यांका सुखरूप घराक आण रे म्हाराजा!" की खलाशी एका दमात ओरडायचे, "व्हय म्हाराजा!" देवळात हे उत्तर पुरुषांनी द्यायचं, बायकांनी मागे उभं राहून पुटपुटायचं. पण मालवणच्या किनाऱ्यावर तसं नव्हतं. तिथे बायकामुलंही बेंबीच्या देठापासून ओरडायची, कारण आवाज गलबतापर्यंत पोचला पाहिजे. मी आणि दादा गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडायचो. दादा म्हणायचा, "शालूचो आवाज बाबांक आधी पोचता." मला कोण अभिमान त्या आवाजाचा! पुढे एका खेपेला बाबा आजारी होऊन आले ते पुन्हा दर्यात गेलेच नाहीत. दादा शिष्यवृत्तीवर शिकला आणि फौजेत अधिकारी झाला. आमच्या पंचक्रोशीतला पहिला. तो रजेवर आला की लोक कट्ट्यावरून उठून उभे राहायचे. आणि तो आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलायला लागला, अगदी माझ्याशीसुद्धा. मला ते खटकायचं, पण म्हटलं, चालायचंच, मोठ्या माणसांत वावरतो.

पन्नासच्या दशकाची अखेर असेल. दादाला मोठं तापाचं दुखणं झालं. लग्न केलेलं नाही, मग दुखण्यात करणारं कोण? मे महिन्याच्या सुट्टीत मीच त्याच्या छावणीत गेले, तिकडे दूर उत्तरेला. मी गेले तोवर स्वारी उठून बसली होती. आठवडाभरानं म्हणतो कसा, "शालू, शनिवारी मेसमध्ये लेडीज नाइट आहे. सगळ्यांच्या बायका येणार. माझ्याबरोबर तू चल." मी हातच जोडले. पण त्याच्या डोळ्यांत असं काही होतं, की बहीण मिरवायची होती त्याला. मग रोज संध्याकाळी आमची तालीम. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या. सूप घ्यायचं ते चमचा आपल्यापासून लांब ढकलत. मी म्हटलं, "आपल्याच तोंडचो घास दूर ढकलूचो?" तो पोट धरून हसला. म्हणाला, ही आपली पंगतच समज. पंगतीत सगळ्यांचं होईपर्यंत कुणी उठत नाही, तसंच इथे मुख्य पाहुणे उठेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, मग काही का होईना. जेवण झालं की वाइनची सुरई फिरते, ती डाव्या हाताच्या माणसाकडे सरकवायची, मध्ये थांबवायची नाही. तुझ्या पेल्यात पाणी असेल. शेवटी राष्ट्रपतींच्या नावानं पेला उचलायचा. सगळे उठले की ऊठ आणि सगळे म्हणतात ते म्हण. एवढंच.

त्या शनिवारी मी आईची निळी इरकली नेसले. दादाचं ते पांढरं जॅकेट मीच इस्त्री केलं. त्याचे हात तापानं अजून थरथरत होते म्हणून गळ्याचा काळा बो-टायही त्यानं माझ्याकडून बांधून घेतला. आरशात बघून म्हणाला, "बाबा असते तर?" मी म्हटलं, "बाबांनी दृष्ट काढली असती." खरंच, काय देखणा दिसत होता!

मेसमधलं टेबल आमच्या अख्ख्या पडवीपेक्षा लांब. मेणबत्त्या, चांदीचे हत्तीघोडे, पांढऱ्या हातमोज्यांतले वाढपी. नवऱ्याशेजारी बायको बसवायची नाही अशी तिथली रीत, त्यामुळे दादा समोरच्या बाजूला आणि माझ्या शेजारी एक मिसरूड फुटलेला लेफ्टनंट. तो 'व्हाइस' होता, म्हणजे टेबलाच्या ह्या टोकाचा मानकरी. सूप मी नीट लांब ढकललं. सुरई नीट डावीकडे दिली. दादानं समोरून हळूच मान हलवली, शाब्बास म्हटल्यासारखी. मग दुसऱ्या टोकाला हातोडी वाजली. तिकडे बसलेल्या मेसच्या अध्यक्षांनी राष्ट्रपतींच्या नावाची हाक दिली, "मिस्टर व्हाइस, द प्रेसिडेंट!" माझ्या शेजारचा पोरगा ताडकन उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "लेडीज अँड जंटलमेन, द प्रेसिडेंट!" खुर्च्या सरकल्या, सगळे उभे. बँडवर राष्ट्रगीत झालं. ते संपलं आणि अशी शांतता पसरली… सगळ्यांचे हात वर, सगळ्यांनी श्वास घेतलेला. मला गलबत दिसलं हो. दुसरं काय सांगू? एकानं मोठ्या नावानं हाक दिली आणि आता सगळ्यांनी उत्तर द्यायचं. माझ्या तोंडून, गुडघाभर पाण्यात उभं राहून द्यायचे तसलं, निघून गेलं, "व्हय म्हाराजा!"

बाकीच्यांचं "द प्रेसिडेंट" अर्धंमुर्धं विरून गेलं. अगबाई, धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं. पेल्यातलं पाणी निळ्या इरकलीवर सांडलं. सगळे बसले. कमांडंटसाहेबांच्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी अगदी मायेनं विचारलं, की तू काय म्हणालीस, सांग ना. मी सांगितलं असतं. मोडक्या इंग्रजीत सांगितलं असतं, की आमचे वडील तांडेल होते आणि आमच्याकडे देवाला असं उत्तर देतात. पण मी तोंड उघडायच्या आत समोरून दादा इंग्रजीत म्हणाला, "काही नाही मॅडम. आमच्याकडे मालकानं हाक मारली की गडीमाणसं असं म्हणतात." आणि हसला. मग टेबलभर हशा झाला. पलीकडच्या एका कॅप्टननं वाढप्याला बर्फ आणायला सांगितलं आणि वर स्वतःच म्हणाला, "व्हय म्हाराजा!" पुन्हा हशा. दादाही हसला, सगळ्यांत मोठ्यानं. मुख्य पाहुणे उठत नव्हते, म्हणून मला उठता येत नव्हतं. मी त्या चांदीच्या हत्तीकडे बघत बसून राहिले.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "दादा, बाबा गडी होते रे?" तो पुढे बघत होता. म्हणाला, "तुला नाही कळायचं. इथे एकदा हसं झालं की जन्मभर तेच नाव चिकटतं. मी वेळ मारून नेली." मी सुट्टी संपायच्या आधीच मालवणला निघून आले. आईला सांगितलं, तिकडचं पाणी मानवलं नाही.

नंतर त्या रात्रीबद्दल आम्ही अवाक्षर काढलं नाही. पण दादा रजेवर आला की आबा देवळात त्याच्यासाठी गाऱ्हाणं घालायचे. आमचो झील सरहद्दीर आसा, त्येची राखण कर, असं, पोटच्या मुलासाठी मागावं तसं कळवळून. सगळा गाव म्हणायचा, "व्हय म्हाराजा." दादा डावीकडच्या खांबाला लागून उभा, ताठ, हात पँटच्या शिवणीवर, आणि तोंड मिटलेलं. ओठसुद्धा हलायचे नाहीत. दर खेपेला तेच. लोक बोलायला लागले, "सायब झालो. देवाकय व्हय म्हणूक लाजता." ऐकून माझी मान खाली जायची. तिथे मेसमध्ये मला माझी लाज वाटली होती, इथे गावात मला त्याची वाटायची. आणि त्याच्याखाली आणखी एक ठसठस… ह्याला आमची सगळ्यांचीच लाज वाटते. मी, आई, बाबांचं बोलणं, आमचा देव. जेवायला वाढताना मी ताट जरा आपटूनच ठेवायचे. तो पाटावरही मेसमधल्यासारखा ताठ बसायचा आणि मी उठल्याशिवाय उठायचा नाही. तेही मला नाटक वाटायचं.

दोनेक वर्षांमागे छातीच्या दुखण्यामुळे त्याला फौज सोडावी लागली आणि तो गावी आला. तेव्हाही देवळात तसाच मुका. मी रविवारी जायचे, पथ्याचं करून घालायचे, औषधं बघायचे. बोलणं कामापुरतं.

त्या शेवटच्या रविवारी म्हणाला, ते मेसचं जॅकेट काढून जरा उन्हात घाल. मी पेटीतून काढलं. काखेत कसर लागली होती. अंगणातल्या दोरीवर टाकून आत आले आणि पेजेची वाटी घेऊन त्याच्याजवळ बसले. तो दारातून त्या कोटाकडे बघत होता. आणि मग कितीतरी वर्षांनी माझ्याशी मालवणीत बोलला.

"शालू, माझो तो आवाज माका आजून आयकाक येता. सगळ्यांपेक्षा मोठ्यान हसलंय मी."

कुठली रात्र ते मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "माका वाटला, तुका माझी लाज वाटता."

"तुझी?" त्यानं माझा हात धरला. हात नुसता हाडांचा झाला होता. "माका माझीच वाटता गो. देवळात तोंड उघडूक जातंय आणि ता 'गडीमाणसां' आठावता. ज्या तोंडान ता बोललंय, त्या तोंडान बाबांचो शबूद कसो काढू?"

इतकी वर्षं मी किती उत्तरं तयार करून ठेवली होती! आणि मी म्हणाले काय, तर, "पेज निवता, घे." तो घोट घोट प्याला. मी म्हटलं, "आता म्हण. माझ्या वांगडा म्हण, दोघांय म्हणूया." त्यानं मान हलवली. "नाय. तू म्हण माझ्या नावान. तुझो आवाज आधी पोचता." आणि हसला… लहानपणी पाण्यात उभा राहून हसायचा तसा. निघताना मी जॅकेट दोरीवरून काढून घडी केली. तो म्हणाला, ते परत पेटीत ठेव, पुन्हा काढू नको.

म्हणून कोट घातला नाही, आबा. धोतरात गेला तोच बरा गेला.

सुतक फिटल्यावर आम्ही देवळात गेलो. मी बायकांत न थांबता पुढे गेले आणि त्या डावीकडच्या खांबाला लागून उभी राहिले. खांबाचा रंग खांद्याच्या उंचीला गेलेला आहे, दादाच्या खांद्याच्या. आबांनी नारळ ठेवला, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, आमचो मेजर तुझ्या पायाकडे इलो हा. त्येच्या हातून काय चुकला माकला आसात, ता पोटात घाल, आणि त्येका तुझ्या सावलेत ठेव रे म्हाराजा!" पुरुषांनी श्वास घेतला. त्यांच्या आधी मी ओरडले, बाबांच्या गलबतापर्यंत पोचावं असं.

"व्हय म्हाराजा!"

आबा डोळे उघडून मागे वळले. बायकांत कुणीतरी पदर तोंडाला लावून फिसकन हसली. हसूंदे. ते पहिलं दादाचं होतं. मग मी आणखी एकदा म्हटलं, ते माझं.