शनवारचं मतदान

साखऱ्यात कोणाचं काही अडलं की सल्ल्याला माझ्याकडंच येतात. म्हंजी आजवर एकच माणूस आला, तोबी परगावचा.

तरणा क्लार्क होता, मूळचा अलिबागकडचा. मतदानाच्या दिवशी शाळेत लोकांच्या बोटाला शाई लावायला बसला होता, आन् मी तिथं पाणी पाजायला. दर बोटाआधी त्याचा हात जरासा थांबायचा. काहून, म्हणून मी इचारलं.

"आम्ही ज्यू, काका. शनिवारी आमच्यात काम करत नाहीत. आई चूलसुद्धा पेटवत नाही, शुक्रवारीच रांधून ठेवते. ही ड्युटी बदलून मागता आली असती, पण मतदान म्हटल्यावर मागावीशी वाटली नाही. आता सकाळपासून काही कळेना. तुम्ही काय केलं असतं?"

माझ्या तर डोक्यात घागर पालथी झाली. तरी म्हणलो, "डाव्या हातानं लावा. देवाचं ध्यान उजव्याकडं राहतंय."

तो हसला न्हाई. खरंच आपल्या डाव्या हाताकडं बघत राहिला.

समोर एक म्हातारी बोट पुढं करून उभी होती. ती म्हणली, "लावा साहेब, मला खुरपायला जायचंय. आन् त्याला काय इचारता? मत कोणाला द्यायचं तेबी त्याला त्याची बायको सांगती."